एकाच ताग्यातले तीन लॅपटॉप

मला वांगी रंग आवडत नाही. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण हे मी सासरी कधी बोलले नाही, कारण बोलून उपयोग नव्हता. आम्ही तिघी जावा. थोरल्या आक्का, मधली मी आणि धाकटी. दर दिवाळीला आमचे थोरले दीर मंचरच्या शेठकडून एकाच गठ्ठ्यातल्या तीन साड्या आणायचे आणि पोरांना एकाच ताग्यातलं कापड. एका वर्षी तो गठ्ठा वांगी रंगाचा निघाला. लग्नकार्यात आम्ही तिघी ओळीनं उभ्या राहिलो की बँडवाल्या बायका वाटायचो. पण दीर खूश. घरात त्यांना सगळे दादा म्हणतात. दादांचं एकच म्हणणं, घरात सगळ्यांना सारखं. कमी नाही, जास्त नाही.

आता याला वाईट म्हणावं तर तसंही नाही. आमच्या लोणीच्या शिवारात एकत्र राहिलेली घरं आता शोधावी लागतात. कुठं पंख्यावरून, कुठं फ्रीजवरून दोन चुली झाल्या, अंगणात भिंती आल्या. आमची चूल एकच राहिली ती दादांच्या या सारखेपणामुळं, हे मलाही कळतं. पण कळलं म्हणून काय झालं? माणूस थकतं ना. पेढ्याचा पुडा आला तरी मोजून वाटायचा. माझ्या माहेरून, पिंपरी पेंढारहून, आईनं माझ्यापुरती चटणी दिली तरी तिचे तीन वाटे करायचे. सारखं करता करता माझा जीव मेटाकुटीला आलेला.

तर अशा घरात लॅपटॉप घ्यायची वेळ आली.

माझी लेक डिप्लोमा करून अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात थेट दुसऱ्या वर्षाला लागली, कॉम्प्युटरला. आक्कांचा पोरगा मंचरला बी.कॉम.ला. धाकटीची पोरगी बारावी होऊन बी.ए.ला, आणि स्पर्धा परीक्षेचे क्लास घरबसल्या बघायचे म्हणत होती. तिघांनाही लॅपटॉप हवा होता. दादा एकदा हिशेबाला बसले, टोमॅटोचे जे काही पैसे आले होते त्यातून लॅपटॉपसाठी एक रक्कम बाजूला काढली आणि म्हणाले, "याचे तीन भाग करा. तिन्ही सारखे घेऊ."

लेक माझ्या मागं स्वयंपाकघरात आली. म्हणाली, "आई, त्यांना साधा चालेल गं. मला नाही चालणार. मला निदान बारा-सोळा जीबी रॅम पाहिजे."

मी म्हटलं, "माझ्या डोक्याला ताप देऊ नको. रॅम काय असतं ते आधी सांग."

मी भाकरी थापत होते. ती ओट्याकडं बघून म्हणाली, "रॅम म्हणजे ओटा. फळीवर डबे कितीही असू देत, ती फळी म्हणजे वेगळी मेमरी. ती या सगळ्यांत पुरेशी असते. पण स्वयंपाक ओट्यावर होतो. ओटा एवढासा असला तर परात ठेवायची की पोळपाट? मी मोबाइलचं ॲप बनवायला घेतलं की परात, पोळपाट, गॅस, पाटा, सगळं एकदम मांडावं लागतं. आठ जीबीत ते मावत नाही. सगळं अडकून बसतं."

एवढं सोपं करून मला आजवर कुणी काही सांगितलं नव्हतं. तीन चुलींची माणसं एका ओट्यावर जेवू घालणाऱ्या बाईला ओटा छोटा असण्याचं दुःख काय सांगायचं! मी हात धुतले आणि सरळ दादांपुढं जाऊन उभी राहिले. त्यांच्यापुढं मी क्वचितच बोलायची.

"दादा, पोरीचा लॅपटॉप जरा वरचा घ्यावा लागंल. तिचं शिक्षणच त्यावर हाय."

दादा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. ते शांतपणे म्हणाले, "आज लॅपटॉप वरचा घेऊ. उद्या कुणाचं तरी शिक्षण आणिक वरचं निघंल. परवा कुणी म्हणंल, माझ्या पोराला काय खालचं दिलं? मग अंगणात भिंत. मला भिंत बघायची न्हाई, बाई."

आमचे हे तिथंच बसले होते. मी त्यांच्याकडं बघितलं. ते मोबाइलमध्ये कोथिंबिरीचे भाव बघत होते. मनात म्हटलं, बघा, चांगले बघा.

मंचरला आम्ही पिकअपमधून गेलो, सगळं घर. शेठच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. त्यांचे पूर्वज कधीकाळी राजस्थानातून आलेले, पण मराठी आमच्यापेक्षा नीट. त्या कापडाच्या दुकानाचा अर्धा भाग आता मोबाइल-लॅपटॉपचा झालाय. म्हणजे जिथं वांगी साड्या काढल्या तिथंच लॅपटॉप काढले. शेठनं लेकीची शाखा विचारली आणि म्हणाला, "दादा, कॉम्प्युटरला असेल तर तिच्यासाठी एक पायरी वरचं दाखवू का?"

"तिन्ही सारखे दाखवा," दादा म्हणाले.

शेठ हसला. "तुमचं घर म्हणजे एकाच ताग्यातलं. वडील सांगायचे मला."

मग बघणं सुरू झालं. दादांनी एकेक लॅपटॉप पाण्याची मोटर उचलून बघावी तसा उचलून बघितला, पाठीवर टिचकी मारली. आमच्या ह्यांनी वॉरंटी विचारली. आक्कांनी विचारलं, रंग जाणार नाही ना? धाकटी म्हणाली, गाणी मोठ्यानं वाजली पाहिजेत. माझी लेक मागं उभी राहून प्रत्येक खोक्यावरची बारीक अक्षरं वाचत होती आणि मान हलवत होती. शेवटी तिनंच त्यातल्या त्यात एक निवडला. प्रोसेसर बरा, एसएसडी असलेला, रॅम आठ. त्यातली चार आत बोर्डावर पक्की बसवलेली आणि चारची एक पट्टी, काढता-घालता येणारी. "हाच घ्या," ती म्हणाली, "पुढं वाढवता तरी येईल." शेठनं तिच्याकडं जरा निरखून बघितलं. बाकी कुणाचं लक्ष नव्हतं. करड्या रंगाचे तीन लॅपटॉप, तीन बॅगा, तीन माऊस. कुणाचा कुठला ते कळावं म्हणून आक्कांनी घरी आल्यावर बॅगांना वेगवेगळ्या रंगाचे दोरे बांधले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी अवजारांची पूजा असते. फवारणीचा पंप, विळे, कुऱ्हाड, ट्रॅक्टर, आणि त्या वर्षी पाटावर तीन लॅपटॉप. दादांनी तिन्हींवर सारखंच कुंकू लावलं, सारखीच झेंडूची फुलं ठेवली आणि लांब उभं राहून बघत राहिले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. "तिन्ही सारखे," म्हणाले. मला त्या माणसाचा राग येईना आणि कौतुकही करवेना.

तोवर लेकीचा लॅपटॉप अडकायला लागलेला होता. ती नुसती पडद्यासमोर हाताची घडी घालून बसायची. मी विचारलं की म्हणायची, "ओटा भरलाय." मग तिनं कॉलेजच्या लॅबमध्ये थांबायला सुरुवात केली. तिथले कॉम्प्युटर चांगले. तिथं तिचं काम व्हायचं, पण नेहमीची एसटी चुकायची. पुढची मिळायची ती तिला दिवेलागणीला फाट्यावर सोडायची. फाट्यापासून आमचा मळा आत आहे, आणि मधे दोन्ही बाजूंनी ऊस.

जुन्नर-आंबेगावात उसाचं नाव काढलं की पुढचं सांगावं लागत नाही. बिबट्या आमच्याकडं पाहुणा नाही, राहायलाच आलाय. तोड सुरू झाली की तो एका फडातून दुसऱ्या फडात जातो. माहेरी पिंपरी पेंढारला त्याच्या पायी बायकांनी वाकून गवत कापणं सोडलंय. तो गळाच धरतो म्हणून गळ्याभोवती काहीतरी गुंडाळल्याशिवाय कुणी बाहेर पडत नाही. आणि माझी पोरगी पाठीवर ते दप्तर घेऊन अंधारातून चालत येणार!

गडीमाणसं त्या वेळी घरी नसतात. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या संध्याकाळच्या बाजाराला जातात, तेव्हा दादा, आमचे हे, धाकटे दीर आणि आक्कांचा पोरगा, सगळे गाडीबरोबर. म्हणून मी काठी आणि बॅटरी घेऊन फाट्यावर जायला लागले. पहिल्याच दिवशी आक्कांनी हटकलं.

"एकटी कुठं निघालीस? मरायचंय का?"

"पोरगी यायचीय."

"मग आमी काय मेलोय व्हय?" असं म्हणून त्यांनी स्टीलचं ताट आणि पळी घेतली. धाकटीनंही गॅस बंद केला आणि आली. या घरात एकीनं काही केलं की तिघींनी करायचं, त्याला भीतीसुद्धा अपवाद नाही.

मग रोज तेच. दिवसभर खुरपून, जुड्या बांधून पाठीचा पार काटा ढिला झालेला, आणि वर ही वरात. पुढं आक्का ताट वाजवत, त्यांचे गुडघे दुखत असल्यामुळं डुलत डुलत. मधे धाकटी, मोबाइलवर मोठ्यानं भजन लावून. मागं मी, बॅटरी उसात फिरवत. येताना मधे पोरगी. तिच्या पाठीवर तो लॅपटॉप असायचा. ज्याचा उपयोग होत नाही म्हणून ती थांबली, तोच ओझं म्हणून परत आणायचा. मला कधी कधी असं वाटायचं की तो काढून उसात भिरकावून द्यावा.

एका सकाळी मी पाणी धरायला त्या वाटेनं गेले. आदल्या संध्याकाळी पाट फुटून वाट ओली झालेली होती. चिखलात आमची पावलं उमटलेली दिसत होती. आक्कांची फताडी चप्पल, धाकटीची, माझी, पोरीचे बूट. आणि पोरीच्या बुटाच्या ठशावर एक गोल ठसा, चार बोटांचा, नखं नसलेला. म्हणजे आम्ही पुढं गेलो आणि तो मागून आला. ताट वाजत होतं, भजन चालू होतं, आणि तो आमच्या मागून चालत होता.

मी तिथंच बांधावर बसले.

घरी येऊन मी आक्कांना नेऊन ते दाखवलं. त्यांनी वाकून तो बघितला. मग पायानं तो ठसा पुसून टाकला आणि म्हणाल्या, "तिला लॅबमधी थांबू नको म्हण."

"मग अभ्यास कुठं करंल? घरचा चालत न्हाई ना." आणि तिथं, त्या उसाच्या कडेला, मी माझ्या जावेला रॅम समजावून सांगितली. ओटा, फळी, परात, पोळपाट. सांगता सांगता रडायला लागले. "आक्का, मला वरचढ काही नकोय हो. माझी पोरगी उजेडात घरी यावी एवढंच हाय."

आक्का म्हणाल्या, "माझ्या पोराला त्या वट्यावर काय शिजवायचंय? क्रिकेट बघतो त्यो. उद्या मला मंचरला ने."

"कशाला?"

"गुडघं दाखवायला. लई दुखत्यात."

दुसऱ्या दिवशी पोरांच्या मागं लागून आम्ही दोघींनी दोन लॅपटॉप घरी ठेवायला लावले. पोराला सांगितलं साफ करायचेत, आणि लेकीला मी खरं सांगितलं. ती काहीतरी बोलायला गेली, मी तिला गप्प केलं. पिशवीत तळाला दोन लॅपटॉप, वर मेथी. एसटीत आक्का ती पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, नवी नवरी बसते तशा ताठ.

शेठला त्यांनी अगदी स्पष्ट सांगितलं. "माझ्या पोराच्या ह्याच्यातली ती पट्टी काढा. हिच्या पोरीचीबी काढा. दोन्ही तुमी घ्या आन तिच्यात एक मोठी घाला. जमंल का?"

शेठनं एक लॅपटॉप उलटा करून बघितला. मग म्हणाला, "जमेल. पण तुमच्या पोराचा चारावर येईल, काकू. हळू होईल."

"त्योबी हळूच हाय."

शेठनं बारीक स्क्रू काढून दोन्ही लॅपटॉप उघडे केले. आत बोटाएवढी हिरवी पट्टी. एवढ्याशा गोष्टीसाठी माझ्या पोरीमागं बिबट्या लागलेला. पोराच्यातली निघाली, तिथली जागा रिकामी राहिली. लेकीच्यात मोठी बसली, टक् असा आवाज झाला. मग झाकणं लागली आणि दोन्ही पुन्हा सारखे. आक्कांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून, वाकून, बाजूनं, सगळीकडून बघितलं.

"बाहेरून काय दिसतंय का?"

"काहीच नाही दिसणार, काकू."

"मग झालं तर." एसटीत बसल्यावर त्यांनी मला दम भरला. "ह्यांच्या कानावर घालायचं न्हाई. त्यांनी तीन सारखे घेतलेत, तीन सारखेच हायती."

मला त्यांचे आभारसुद्धा मानता आले नाहीत. असं काही बोलायची आमच्यात सवयच नाही. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला तर म्हणाल्या, "दाबू नको, दुखतंय."

त्यानंतर लेक नेहमीच्या एसटीनं यायला लागली. पहिल्या दिवशी मी ओट्याशी होते, ऊन अजून पडवीत होतं, आणि बाहेर तिच्या बुटांचा आवाज आला. मी लाटणं हातात घेऊन तशीच उभी राहिले. उजेडात तिचं तोंड किती दिवसांनी बघितलं मी! घाम होता कपाळावर, केस विस्कटलेले. "काय झालं, आई?" म्हणाली. मी म्हटलं, "हात-पाय धू, चहा टाकते."

आक्कांचा पोरगा मात्र कुरकुरायला लागला. माझाच का इतका रखडतो? आक्का म्हणायच्या, तू त्यात कचरा भरलास. तो बिचारा कचरा काढत बसायचा. आणि हे असं किती दिवस लपणार होतं? एका दुपारी तो आणि धाकटीची पोरगी दोन लॅपटॉप शेजारी ठेवून बसले, कुठं काय दाबलं कुणास ठाऊक, याच्यात चार दिसले, तिच्यात आठ. तासाभरात धाकटी स्वयंपाकघरात आली. पदर खोचलेला, चेहरा लाल.

"आक्का, तुमच्या पोराच्यातलं काय काढलं?"

मी मनात म्हटलं, संपलं. आता ही दादांकडं जाणार. दादा विचारणार. त्यांच्या डोळ्यांपुढं भिंत उभी राहणार, आणि ती बांधायला कारण मी आणि माझी पोरगी.

आक्कांनी सांगून टाकलं. ठसा, ओटा, शेठ, सगळं. धाकटीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग तिच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"मी फाट्यावर येत नव्हते का? मला भ्या वाटत नव्हतं का? मग मंचरला मला का न्हाई नेलं? मी परकी हाय का? आक्कांनी द्यायचं आन मी बसून बघायचं?" आणि ढसाढसा रडायला लागली. मी थक्क झाले. मला वाटलं होतं ही मागायला आलीय.

"अगं, तुझं घेऊन करू काय?" मी म्हटलं. "तिच्यात जागाच एक हाय. ती भरली. तिचं काम व्हायला लागलंय."

तिनं ते ऐकलंच नाही. दोन दिवसांनी ती माहेरी जाऊन येते म्हणून गेली आणि संध्याकाळी परत आली. मी भांडी घासत होते. तिनं माझ्या ओल्या हातात वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं. उघडून बघितलं तर हिरवी पट्टी.

"येडी हायस का गं तू? ही आता कुठंच लागणार न्हाई!"

"शेठबी तेच म्हणला. म्हणलं, तुमी काढा."

"आन तुझ्या पोरीचं काय?"

"क्लास दिसत्यात तिला. जरा थांबून थांबून दिसत्यात." तिनं नाक ओढलं. "आक्काच्या पोराचा हळू आन माझ्या पोरीचा जोरात, असं नको आपल्या घरात. आता सारखं झालं."

ती आत निघून गेली. मी नळ तसाच चालू ठेवून उभी राहिले.

लेक म्हणते, शेठकडं घेऊन जा, धाकट्या काकूच्या पोरीच्या लॅपटॉपमध्ये पुन्हा बसवता येईल. मी एकदा धाकटीला विचारलं, तर ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. म्हणून ती पट्टी माझ्याकडंच आहे. पेटीत अगदी खाली, त्या वांगी साडीच्या घडीत ठेवलीय. यंदाच्या दिवाळीत ती साडी मी पुन्हा बाहेर काढली आणि नेसले. आक्का म्हणाल्या, "अगं बाई, ही अजून हाय तुझ्याकडं?" आणि त्या दोघीही आत जाऊन आपापली नेसून आल्या.